तोंड उघडं टाकून झोपणारी मुलं आणि दातांचे डॉक्टर

मोगरा_नाशिक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत दोन महिने गेले. आज चिरंजीव शाळेत आहेत आणि माझा चहा अजून गरम आहे, तेव्हा लिहूनच टाकते.

मुलगा साडेसहा वर्षांचा. गेल्या दोन वर्षांत दातांसाठी तीन दवाखाने झाले. पहिल्या ठिकाणी वरचे पुढचे चार दात किडलेले निघाले. "रात्री बाटलीनं दूध पितो का?" नाही, दीड वर्षाचा असतानाच सोडवली. "मग चॉकलेट." बरं, चॉकलेट. दुसऱ्या ठिकाणी दाढेचं रूट कॅनल करायचं ठरलं. त्यांनी दाताभोवती रबराचा पडदा ताणून लावला आणि माझ्या पोरानं अर्ध्या मिनिटात तो ओरबाडून काढला. तीनदा लावला, तीनदा काढला. डोळे पांढरे, पाय खुर्चीवर आपटतोय. डॉक्टर मला म्हणाले, "फार हट्टी आहे हो. घरी लाड जास्त होतात का?" मी मान खाली घालून बाहेर आले. तिसऱ्यांनी सांगितलं, दात पुढे आहेत, बाराव्या वर्षी तारा लावू, तोवर तोंड मिटून झोपायची सवय लावा.

आता घरचं सांगते. पोरगा घोरतो. असातसा नाही, बाहेरच्या खोलीत ऐकू येईल असा. सासऱ्यांना कौतुक, "माझ्यावर गेलाय." झोपतो कसा, तर मान उशीवरून मागे टाकून, गच्चीत पडून विमान बघावं तशी. थंडीतही मानेखालचा अभ्रा घामानं ओला. झोपेत दात कराकरा खातो, म्हणून दोनदा जंताचं औषध दिलं. अंथरूण अजून ओलं होतं. शाळेतून दर महिन्याला निरोप, चुळबुळ करतो, लक्ष नाही. यातली एक गोष्ट दुसरीशी जोडलेली असेल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मे महिन्यात लग्नाला सांगलीला गेलो आणि ऐन हळदीच्या दिवशी दाढ ठणकायला लागली. जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी, जेमतेम तिशीची. तिनं दात बघितलेच नाहीत आधी. त्याला म्हणाली, "ओठ मिटून बसतोस का रे जरा? मी मोजते." पोरगं विसापर्यंतही टिकलं नाही. मग तिनं तोंडात घालायचा तो छोटा गोल आरसा त्याच्या नाकाखाली आडवा धरला. एका बाजूला जेमतेम वाफ धरली, दुसरी बाजू लख्ख. मला जवळ बोलावून आरसा दाखवला. मग जीभ दाबून घसा दाखवला. आत दोन्हीकडून दोन टॉन्सिल्स, मोठाल्या सुपाऱ्यांसारखे, एकमेकांना टेकायला आलेले. साडेसहा वर्षांत मी माझ्या मुलाच्या घशात कधी डोकावले नव्हते.

दाढेचं तात्पुरतं करून तिनं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि सांगितलं, रात्रीचा व्हिडिओ काढा, शर्ट काढून, छाती आणि पोट दोन्ही दिसेल असा.

काढला. पहाटे तीनला. घोरणं चालू असतं आणि मधेच सगळं गप्प. आपल्याला वाटतं शांत झोपला. पण छाती आत ओढली जातेय, पोट वर येतंय, हवा मात्र जात नाही. मग घुसमटल्यासारखा आवाज, कूस बदलणं, पुन्हा घोरणं. नाशिकला येऊन स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतल्या श्वासाची तपासणी) केली. ताशी १४ वेळा श्वास अडतो किंवा अर्धवट होतो. पुढच्या महिन्यात टॉन्सिल्स आणि ॲडेनॉइड्सच्या (नाकामागच्या गाठींच्या) ऑपरेशनची तारीख मिळाली आहे.

माझा प्रश्न असा की, चार दंतवैद्यांपैकी एकीलाच हे का दिसलं? यांना शिकवत नाहीत का? राग म्हणून विचारत नाहीये. (थोडा आहे.)

---

आप्पा_बारामतीकर

अहो पण पोरं घोरतातच की. सर्दी झाली की आमची सगळी नातवंडं घोरतात. लगेच ऑपरेशन?

---

मोगरा_नाशिक

आप्पा, सर्दीत घोरणं वेगळं. हा वर्षाचे बाराही महिने, रोज. मीही दोन वर्षं तुमच्यासारखंच म्हणत होते.

---

दाढदुखी

मी दातांचा डॉक्टर. कोल्हापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी १९ वर्षं दवाखाना. मोगराताई, तुमचा धागा काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही (माझ्या बाबतीत कारण वेगळं). तुमच्या त्या तीन डॉक्टरांमध्ये मी सहज असू शकलो असतो.

शिकवत नाहीत का, याचं खरं उत्तर असं की शिकवतात, पण चुकीच्या खणात ठेवून शिकवतात. बीडीएसला मुलांच्या दातांच्या विषयात 'तोंडाच्या सवयी' असं एक प्रकरण असतं. अंगठा चोखणं, नखं खाणं, जीभ पुढे ढकलणं, दात खाणं, आणि त्याच रांगेत तोंडानं श्वास घेणं. तुमच्या त्या मुलीनं केलेली आरशाची चाचणी आम्ही सगळ्यांनी तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलेली आहे. तोंडात पाण्याचा घोट धरायला लावायचा, नाकापुढे कापूस धरायचा, हेही. पण धड्याचं नावच 'सवय'. सवय म्हटली की ती मोडायची असते, मुलाला दटावायचं असतं. अंगठा चोखणारं पोर अंगठा सोडू शकतं. नाकामागे गाठ वाढून रस्ताच बंद असलेलं पोर तोंड मिटेल तर श्वास कुठून घेईल? नाक बंद असेल तर ओठांवर बसवायचं उपकरण देऊ नका, हे वाक्यही त्याच प्रकरणात असतं. मार्कांपुरतं पाठ झालं आणि गेलं.

आता तुमच्या मुलाच्या गोष्टीतल्या आमच्या खात्यातल्या खुणा बघा. वरचे पुढचे दात किडले. रात्रभर तोंड उघडं, लाळ सुकते, आणि लाळेशिवाय दातांचं रक्षण करणारं तोंडात दुसरं फारसं काही नाही. चॉकलेटचाही हात असेल, पण तो एकटा आरोपी नव्हे. अशा मुलांच्या पुढच्या हिरड्या लाल, सुजऱ्या असतात, ब्रश नीट करूनही. टाळू उंच आणि अरुंद, घुमटासारखी, कारण जीभ टाळूला टेकून बसायच्या ऐवजी खाली पडलेली असते. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. चेहरा लांबट, डोळ्यांखाली काळं, वरचा ओठ आखूड. झोपेत दात खाणं. हे सगळं आम्हाला रोज दिसतं. आम्ही टाळूचं माप घेतो आणि तिच्या मागे तीन सेंटिमीटरवर काय आहे ते बघत नाही.

रबर डॅमचं वाचून तर कानफटात बसल्यासारखं झालं. तोंड पडद्यानं बंद केलंत आणि नाक आधीच बंद. पोर हट्टी नव्हतं हो, गुदमरत होतं. माझ्याकडच्या किती 'हट्टी' केसपेपरांवर मी स्वतःच्या हातानं तो शब्द लिहिलाय, ते आता आठवतंय.

---

खवट_खोबरं

डॉक्टर, प्रांजळपणा आवडला. पण नाण्याची दुसरी बाजू मी सांगतो. माझ्या भाचीला, वय ५, मुंबईतल्या एका चकाचक दंतचिकित्सालयात घेऊन गेले. तिथे आईनं एक प्रश्नावली भरली, तोंडाचे फोटो काढले आणि अर्ध्या तासात निदान: श्वासमार्ग अरुंद. टाळू रुंद करायचं यंत्र, जिभेखालचा पडदा लेझरनं कापणं, जिभेच्या व्यायामाचे वर्ग, असं मिळून १ लाख ६० हजारांचं पॅकेज. वर फुकट सल्ला, रात्री ओठांना टेप लावा. ना घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, ना स्लीप स्टडी. बहिणीनं दुसरीकडे दाखवलं तर पोरीला साधी ॲलर्जीची सर्दी. नाकातल्या स्टेरॉइड फवाऱ्यानं दीड महिन्यात घोरणं गेलं.

म्हणजे माहीत नसलेला दंतवैद्य बरा की अर्धवट माहीत असलेला, हे मला कळेनासं झालंय.

---

दुसरी_ब

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, आयडीवरून वर्ग कळलाच असेल. मोगरा, तुझ्या मुलाच्या बाईंच्या जागी मी असते तर मीही हेच निरोप पाठवले असते. :(

पण एक शंका. झोप पुरी नाही तर मूल वर्गात पेंगायला हवं ना? हा तर चुळबुळ्या.

---

कानाकोपरा

कान-नाक-घसा, पुणे. दुसरी_ब यांची शंका लाखमोलाची आहे, कारण इथेच आमचेही बरेच लोक फसतात. श्वास अडणारा मोठा माणूस दिवसा पेंगतो. लहान मूल बहुतेक वेळा उलटं वागतं, ते तारवटतं. जागरण झालेलं तान्हं बाळ आठवा, झोपत नाही, किरकिर करतं, पाय झाडतं. तसंच. १९९८ मध्ये अमेरिकेत डेव्हिड गोझाल यांनी पहिलीतल्या, अभ्यासात मागे असलेल्या २९७ मुलांची रात्रीची तपासणी केली. त्यातल्या ५४ जणांत, म्हणजे जवळजवळ १८ टक्क्यांत, झोपेत ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडचा हिशेब बिघडलेला निघाला. ज्यांची टॉन्सिल्स-ॲडेनॉइड्स काढली त्यांचे पुढच्या वर्षीचे गुण सुधारले, ज्यांच्या पालकांनी नाही म्हटलं त्यांचे होते तिथेच राहिले.

आप्पा, तुमचंही खोटं नाही. घोरणाऱ्या सगळ्या मुलांना हा आजार नसतो. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत मुलांमधलं प्रमाण १.२ ते ५.७ टक्के धरलंय. रोज घोरणारी मुलं याहून बरीच जास्त असतात. म्हणजे घोरणं हा दरवाजा, आत कोण आहे ते उघडून बघावं लागतं. दोन ते आठ या वयात जास्त, कारण या वयात टॉन्सिल्स आणि ॲडेनॉइड्स भराभर वाढतात आणि त्या मानानं घसा लहान असतो.

मोठ्यांचे आकडे मुलांना लावू नका. मोठ्यांत ताशी ५ पर्यंत चालतं, मुलांत १ च्या वर गेलं की नॉर्मल नाही आणि १० च्या वर गंभीर. मोठ्यांत श्वास १० सेकंद थांबला तर मोजतात, मुलात दोन श्वास चुकले की पुरे. म्हणून कुठेतरी 'ताशी ४, काळजी नको' असं मोठ्यांच्या कोष्टकावरून लिहून आलं तर पुन्हा विचारा. मोगराताई, तुमचा १४ आहे, तारीख पुढे ढकलू नका.

खवट यांच्या भाचीचं: बरोबर झालं. हलक्या स्वरूपात फवारा ही चांगली पहिली पायरी. ओठांना टेप? नाक बंद असलेल्या मुलाच्या ओठांना टेप लावणं म्हणजे तो रबराचा पडदा रात्रभर लावून ठेवणं.

---

जुनी_पेटी

जरा अवांतर. हे काही नवं खूळ नाही बरं का. नाकामागच्या या गाठींवर कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्येच लिहिलं होतं. १८८९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्यम हिल यांनी 'मुलांच्या मागासपणाची आणि मठ्ठपणाची काही कारणं' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून तोंडानं श्वास घेणाऱ्या, घोरणाऱ्या शाळकरी मुलांकडे बोट दाखवलं. १८९२ च्या ऑस्लरच्या ग्रंथात या मुलांच्या रात्रीच्या श्वासातल्या खंडांचं वर्णन आहे. आणि मग थेट १९७६, स्टॅनफर्डचे ख्रिस्तियन गिमिनो आणि सहकारी, झोपेत श्वास अडणाऱ्या आठ मुलांचा अहवाल. मधली ऐंशीएक वर्षं पोरांनी बहुधा छड्या खाल्ल्या.

---

खवट_खोबरं

छड्या आणि जंताचं औषध.

---

न्यूजर्सीची_नलू

आमच्याकडच्या दवाखान्यात फॉर्मवर हा प्रश्न असतो. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१७ मध्ये धोरणच काढलं की दंतवैद्यांनी झोपेतल्या श्वासाच्या त्रासासाठी रुग्णांची चाळणी करावी आणि संशय आला तर डॉक्टरांकडे पाठवावं. मुलांच्या बाबतीत जबड्याची वाढ नीट होतेय का यावर लक्ष ठेवावं असंही त्यात आहे.

पण हुरळून जाऊ नका. मी गेली चार वर्षं मुलीच्या फॉर्मवर 'घोरते: होय' अशी खूण करतेय. चार वर्षांत एकाही माणसानं त्याबद्दल तोंड उघडलं नाही. मागच्या खेपेला मीच विचारलं तर हायजीनिस्ट (दात साफ करणारी) म्हणाली, ते इन्शुरन्ससाठी असतं.

---

सोनचाफा

इथे एक बाजू राहून जातेय म्हणून लिहिते. माझी लेक ९ वर्षांची, डाउन सिंड्रोम आहे. अशा मुलांचा चेहऱ्याचा मधला भाग लहान, टाळू अरुंद, स्नायू सैल, जीभ मागे पडते. निम्म्याहून जास्त मुलांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास असतो. अमेरिकन बालरोग अकादमीचा सल्ला असा आहे की लक्षणं असोत वा नसोत, चौथ्या वर्षापर्यंत स्लीप स्टडी करावीच. लक्षणं नसली तरी, हे महत्त्वाचं, कारण आम्हा पालकांना घोरणं ऐकू येईनासं होतं. पंखा असतो तसं ते.

मला हे कधी कळलं? ती सहा वर्षांची असताना भूल देऊन सहा दाढांचं काम एकदम करायचं ठरलं. दोन महिने दंतवैद्यांकडे खेपा घातल्या, सगळे दात मोजून झाले. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटले, त्यांचा पहिला प्रश्न: घोरते का? आणि काम पुढे ढकललं गेलं. तेव्हा चिडले होते. आता त्यांचं नाव देवाच्या यादीत आहे.

---

दाढदुखी

सोनचाफा, या प्रतिसादावर मला आमच्या लोकांसाठी दोन शब्द लिहायचेत, पालकांनीही वाचावेत.

लहान दवाखान्यात रडणाऱ्या मुलाला ट्रायक्लोफॉसचं सिरप किंवा मिडाझोलाम देऊन गुंगीत दात काढायची पद्धत आहे. गुंगीत घशाचे स्नायू ढिले पडतात. धडधाकट मुलाला ते चालून जातं. ज्याचा रस्ता जागेपणीच चिंचोळा आहे त्याचा श्वास गुंगीत बंद पडू शकतो, आणि त्या वेळी खोलीत भूलतज्ज्ञ नसतो, ऑक्सिजनचं नळकांडं कोपऱ्यात धूळ खात असतं. म्हणून 'घोरतो का' हा प्रश्न दाताशी संबंध नसलेला फालतू प्रश्न नाही. तो न विचारता सिरप देणं म्हणजे ॲलर्जी न विचारता पेनिसिलिन टोचणं. आम्ही ॲलर्जी विचारतो, आजोबांना बीपी-शुगर विचारतो. हे विचारत नाही.

पालकांनो, मुलाला झोपेचं औषध द्यायची गोष्ट निघाली की तुम्हीच सांगा.

---

कानाकोपरा

दाढदुखी यांच्याशी शंभर टक्के. त्यात भर: ऑपरेशननंतर दुखण्यावर कोडीन असलेलं औषध घरात असेल तर देऊ नका, कुणी सुचवलं तरी. काही मुलांच्या यकृतात कोडीनचं मॉर्फीन फार वेगानं होतं आणि श्वास मंदावतो. टॉन्सिल्स काढलेल्या मुलांचे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ मध्ये इशारा दिला आणि २०१७ पासून १२ वर्षांखाली कोडीन नकोच असं ठरवलं. पॅरासिटामॉल पुरतं.

---

मोगरा_नाशिक

लिहून ठेवलं. डॉक्टर, एक विचारू का? ऑपरेशन केलं की संपलं ना?

---

कानाकोपरा

बहुतेकांचं खूप सुधारतं, पण 'संपलं' असं मी लिहून देणार नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांचे दोन गट केले, एकाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्यावर सात महिने नुसतं लक्ष. ऑपरेशनवाल्यांपैकी ७९ टक्क्यांची स्लीप स्टडी नॉर्मल झाली. गंमत म्हणजे थांबलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची झाली, त्यामुळे हलका त्रास असेल तर थोडं थांबणं हा पर्याय उरतो. वागणूक आणि झोप ऑपरेशननं स्पष्ट सुधारली. लक्ष केंद्रित करायच्या परीक्षेत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, तेव्हा पहिला नंबर येईल असं आजोबांना सांगू नका.

वजन जास्त असलेल्या आणि मोठ्या मुलांत त्रास उरायची शक्यता जास्त. २०१० मध्ये ५७८ मुलांच्या नोंदी तपासल्या तर पूर्ण नॉर्मल फक्त २७ टक्के झाली होती. बाकीच्यांचं कमी झालं, पण गेलं नाही. म्हणून ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. आणि इथे दातवाले पुन्हा चित्रात येतात. गाठी काढल्या तरी टाळू अरुंदच राहिलेली असते.

---

खवट_खोबरं

आलं का ते टाळूचं यंत्र!

---

दाढदुखी

आलं, पण योग्य जागी आलं. वरच्या जबड्याच्या मध्यभागी एक शिवण असते, ती वयात येईपर्यंत मऊ असते. तोवर वरच्या दाढांना यंत्र बसवून रोज स्क्रू थोडा फिरवला की दोन्ही अर्धे बाजूला सरकतात. टाळू म्हणजे नाकाची जमीन, त्यामुळे नाकही रुंदावतं. २००४ मध्ये इटलीच्या पाओला पिरेली यांनी याच गिमिनोंबरोबर ३१ मुलांवर हे केलं आणि श्वास अडणं थांबलं. पण ती मुलं निवडलेली होती, जबडा अरुंद आणि गाठी वाढलेल्या नाहीत अशी. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. एवढ्यावर सरसकट पॅकेज विकणं ही लबाडी. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनं २०१९ मध्ये स्वच्छ लिहिलं: निदान वैद्यकीय डॉक्टरनं करायचं, आणि आजार होऊ नये म्हणून टाळू रुंद करत बसायचं नाही.

खवटराव, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. माहीत नसलेला आणि अर्धवट माहीत असलेला, दोघांचीही चूक एकच आहे. दोघंही चिठ्ठी लिहीत नाहीत. एकाला लिहायचं सुचत नाही, दुसऱ्याला गिऱ्हाईक जाऊ द्यायचं नसतं.

अजून एक कबुली. तारा लावण्याआधी आम्ही डोक्याचा बाजूनं एक्स-रे काढतो, सेफॅलोग्राम. त्यात ॲडेनॉइडची सावली चक्क दिसते. पुरावा म्हणून ती पुरत नाही, पण शंका घ्यायला पुरते. काल मी मागच्या दोन वर्षांचे एक्स-रे खोक्यातून काढून खिडकीला लावून बघितले. जबड्यावर माझ्या पेन्सिलच्या रेघा, कोन, अंश, सगळं सुबक. मागे काळ्या पट्ट्यात करड्या रंगाचा फुगवटा. सात मुलं निघाली. फोन करतोय एकेकाला.

---

फिरता_दवाखाना

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात वैद्यकीय अधिकारी आहे. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आमच्या पालघरलाच सुरू झाला. आम्ही अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा, शाळांत एकदा जातो. तपासणीच्या यादीत ३० आजार-दोष आहेत. दात आहेत, कान आहेत, डाउन सिंड्रोम आहे, लक्ष न लागणंही आहे. घोरणं नाही.

त्यामुळे आम्हीही व्हरांड्यात पोरांची रांग लावतो, टॉर्च मारतो, 'किडलेले दात' समोर खूण करतो, पुढचा. टॉर्च त्याच घशावर पडलेली असते.

हा धागा वाचून गेल्या आठवड्यात एका आश्रमशाळेत मी अधीक्षिकाबाईंना सहज विचारलं, रात्री घोरणारी मुलं कोण? शंभर पोरी एका हॉलमध्ये झोपतात, बाईंना सगळ्या पाठ. एका दमात चार नावं सांगितली. त्यातली एक पोरगी बसून झोपते म्हणाल्या, भिंतीला टेकून. बाकीच्या तिला भुताटकी म्हणून चिडवतात. टॉन्सिल्स बघितले, जागाच नाही घशात. जिल्ह्याला पाठवलंय. स्लीप स्टडीची सोय मिळेपर्यंत निदान रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर लावून नोंद घेता येईल का?

---

कानाकोपरा

रात्रभराची नोंद साठवणारा ऑक्सिमीटर असेल तर नक्की. ऑक्सिजन पुन्हा पुन्हा घसरताना दिसला तर निदान जवळजवळ पक्कं आणि ऑपरेशनच्या रांगेत तिला पुढे घेता येतं. आलेख सपाट आला तर मात्र आजार नाही असं समजू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, माझ्याकडे एक यंत्र पडून आहे.

---

दुसरी_ब

बसून झोपते. :( उद्या वर्गात विचारते, पण पोरांना नाही, डबे घेऊन येणाऱ्या आयांना.

---

मोगरा_नाशिक

ऑपरेशन झालं, आज दहावा दिवस. पहिले चार दिवस वाईट गेले, घसा, ताप, तोंडाला घाण वास. आइस्क्रीमवर काढले. मग एका रात्री मी दोनला उठून त्याच्या नाकापुढे हात धरला, कारण आवाजच नव्हता. गार-गरम, गार-गरम. घोरणं बंद आहे. तोंड मात्र अजून उघडंच. अंथरूण दोनदा ओलं झालं, आधी रोज व्हायचं. सांगलीच्या डॉक्टरबाईंना व्हिडिओ पाठवला, त्यांनी तीन महिन्यांनी टाळू बघायला बोलावलंय. सासरे म्हणतात, "घर सुनं सुनं वाटतं."

---

दाढदुखी

झकास! माझा हिशेब: केसपेपरवर रबरी शिक्का करून घेतला. चार ओळी. रोज घोरतो का. तोंड उघडं ठेवून झोपतो का. श्वास अडल्यासारखा वाटतो का. अंथरूण ओलं करतो का. तीन आठवड्यांत २६ मुलं आली, पाच चिठ्ठ्या गेल्या. पहिल्या प्रश्नाला निम्म्या आया नवऱ्याकडे बोट दाखवून हसतात आणि मला मोठ्यांचंही वाचायला लागलंय.

---

सोनचाफा

डॉक्टर, शिक्का छान. फक्त चौथी ओळ पोरासमोर मोठ्यानं वाचू नका. आमच्या सोसायटीतला एक आठ वर्षांचा मुलगा त्या प्रश्नावर खुर्चीतून उतरून चपला न घालताच बाहेर गेला होता. कागद आईच्या हातात द्या, तिला खूण करू दे.

---

दाढदुखी

बरोबर आहे. उद्यापासून पेन आईकडे.